उत्पन्नाच्या दाखल्यास अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान उत्पन्नाचा दाखला महोदय,
मुक्काम तहसील कार्यालय, निफाड, जिल्हा नाशिक.

विषय : सायखेडा परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची गरिबी वेळेत मंजूर होण्याबाबत.

महोदय,

गोदावरीकाठच्या सायखेड्यातील एखादा विद्यार्थी बारावी उत्तीर्ण होऊन पदवीच्या वर्गात नाव घालतो, त्या दिवसापासून त्याच्या घरातील सर्वांत वडीलधारी व्यक्ती महोदय हेच असतात, आणि आजोबांचा शब्द एक वेळ मोडता येईल, पण महोदयांवरील आकडा मोडता येत नाही, ही गोष्ट निफाड तालुक्यात सर्वमान्य आहे. ज्यांचा महोदयांशी अद्याप परिचय झालेला नाही अशा भाग्यवान वाचकांसाठी सांगावयाचे तर, उत्पन्नाचा दाखला म्हणजे कुटुंबाची वर्षभराची कमाई किती हे तहसीलदाराच्या सहीने सांगणारा कागद होय. तो तलाठ्याच्या, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे त्यांच्या, अहवालावरून तयार होतो आणि एका वर्षाचा असेल तर साधारणतः 31 मार्चला निवृत्त होतो. कुटुंबाची गरिबी मात्र त्या तारखेला निवृत्त होत नाही, हा केवळ तांत्रिक तपशील म्हणून सोडून द्यावा.

राज्यात अर्थसाहाय्याची टंचाई आहे असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठी मिळणारे साहाय्य, 1944 पासून, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीपासून चालू आहे. खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी, पूर्वी ईबीसी सवलत म्हणून ओळखली जाणारी आणि आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव लाभलेली शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, जिची 1 लाख रुपयांची उत्पन्न मर्यादा 2016 मध्ये 6 लाखांवर आणि नंतर 8 लाखांवर नेण्यात आली. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् आहे, आणि जुलै 2024 पासून मुलींना शुल्कमाफीही आहे, मात्र ती व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती असल्यामुळे बी.ए.च्या वर्गातील मुलीने त्या निर्णयाचा आनंद वर्तमानपत्रातूनच घ्यावयाचा असतो. यांतील अनेक योजनांना महापुरुषांची नावे उदारपणे दिलेली आहेत. परंतु त्यांतील बहुतेकींच्या दाराशी उभे राहून आत कोणाला सोडावयाचे हे ठरविण्याचा अधिकार महोदयांकडेच आहे.

आता महोदयांच्या ज्ञानाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. सायखेड्याच्या शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न मुख्यतः कांद्यावर आणि द्राक्षावर ठरते, आणि कांद्याचे भाव पिंपळगाव बसवंत बाजार समितीच्या सायखेडा उपबाजारात पुकारले जात असले तरी ते ठरतात दिल्लीत. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र शासनाने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावले, 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातच बंद केली आणि ती बंदी 4 मे 2024 रोजी उठविली. दरम्यान लाल कांद्याचा हंगाम उरकून गेला होता आणि उन्हाळ कांदा साठवणुकीच्या चाळीत जाऊन पडला होता. ज्या घराचे वार्षिक उत्पन्न एका अधिसूचनेने खाली येते आणि दुसऱ्या अधिसूचनेने अर्धेमुर्धे वर चढते, त्या घराविषयी महोदय शांतपणे एक गोल आकडा सांगतात, कारण अहवालाला जमिनीचे क्षेत्र दिसते, पीक दिसते. चाळीत सडलेला कांदा, खतविक्रेत्याची उधारी आणि सोसायटीचे थकलेले कर्ज दिसत नाही. उलटही घडते, हे प्रामाणिकपणे नोंदवावयास हवे : ज्यांच्या दारात ट्रॅक्टर व गाडी दोन्ही उभी आहेत अशांच्या बाबतीत महोदयांचे मन कधीकधी फारच हळवे होते. एकंदरीत पाहता महोदयांना उत्पन्न मोजता येत नाही, फक्त लिहिता येते. तरीही 2 लाख 50 हजारांच्या आत असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती, म्हणजे शुल्कासोबत निर्वाह भत्ताही मिळतो, आणि आकडा एका रुपयाने पुढे सरकला की तो फ्रीशिपमध्ये, म्हणजे केवळ शुल्काच्या प्रतिपूर्तीत, जाऊन पडतो. त्या एका रुपयाचे वजन महोदयांना कधी जाणवले असेल काय, हा प्रश्न येथे आदरपूर्वक नोंदविण्यात येत आहे.

महोदयांचे धाकटे बंधू महाडीबीटी पोर्टल यांचाही उल्लेख अटळ आहे. लाभाची रक्कम मध्यस्थाविना थेट खात्यात जमा व्हावी या उत्तम हेतूने 2017-18 च्या सुमारास शिष्यवृत्तीचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. हे बंधू कागदविरहित आहेत, म्हणून सर्व कागद आधी त्यांच्यावर चढवावे लागतात आणि नंतर त्याच कागदांची हार्ड कॉपी महाविद्यालयाच्या कार्यालयात नेऊन द्यावी लागते. अर्ज लिपिकाकडून प्राचार्यांकडे, तेथून जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या कार्यालयाकडे जातो आणि एखादा दाखला पुसट दिसला तर ‘सेंड बॅक’ होऊन विद्यार्थ्याकडे परत येतो, परंतु तो परत आल्याची वार्ता विद्यार्थ्यास बहुधा तेव्हा लागते, जेव्हा पुन्हा अर्ज करण्याची मुदत संपत आलेली असते. मंजुरीनंतरही रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जाते, आणि आधार कोणत्या बँकेच्या खात्याशी जोडलेले आहे याचा शोध लावणे हा पदवी अभ्यासक्रमातील एक अघोषित विषय होऊन बसला आहे. त्यात प्रवेशाचे दिवस आणि गंगापूर व दारणा धरणांतून पाणी सोडण्याचे दिवस सायखेड्यात एकाच सुमारास येतात. ऑगस्ट 2019 सारखा पूर आला की चांदोरी-सायखेड्याच्या खालच्या आळ्यांत प्रथम धान्य माळ्यावर चढते, मग कागद, आणि अंतिम तारीख मात्र जागची हलत नाही.

खरा प्रश्न रकमेपेक्षा क्रमाचा आहे. अनुदानित महाविद्यालयातील बी.ए.चे शुल्क तुलनेने थोडे असते. घराला जड जाते ते रोजचे अप-डाउन, खोलीचे भाडे, डबा आणि परीक्षेच्या हंगामात बुडणारी मजुरी. हा खर्च जूनपासून रोज होतो आणि साहाय्य मात्र वर्ष सरता सरता, क्वचित पुढच्या वर्षी येते, म्हणजे पैसे नसल्याबद्दल मिळणारे पैसे मिळेपर्यंत टिकून राहण्यासाठी विद्यार्थ्याजवळ आधी पैसे असावे लागतात. रकमेची रीतही पाहण्यासारखी आहे. घरी राहून बी.ए.सारखी साधी पदवी शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास केंद्राच्या शिष्यवृत्तीतील निर्वाह भत्ता वर्षाला 3 हजार रुपये, म्हणजे महिन्याला 250 रुपये मिळतो, तर नाशिक शहरात खोली करून राहणाऱ्या पात्र विद्यार्थ्यास स्वाधारमधून वर्षाला 51 हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. दुसरी रक्कम मुळीच जास्त नाही. पहिली लिहिताना कोणाचा हात अडखळला नाही, एवढेच आश्चर्य. घरी राहणाऱ्याला भूक कमी लागते असा काही शास्त्रीय निष्कर्ष महोदयांच्या संग्रही असल्यास तो प्रसिद्ध करावा. एस.टी.च्या पासाचेही असेच आहे : ग्रामीण भागातील मुलीला बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेत मोफत पास मिळतो, आणि तेरावीत, नेमके महाविद्यालय लांब गेल्यावर, तिला एकतृतीयांश भाडे भरावे लागते. कुटुंबातील दोनच अपत्यांना शुल्क सवलत देणारी अट तर महोदयांनी घातलेली नाही, पण धाकटेपणाची शिक्षा भोगणाऱ्या तिसऱ्या मुलीला ते समजावून सांगण्याचे काम कोणीतरी अंगावर घ्यावयास हवे.

या जिल्ह्याला दुसरी एक रीत ठाऊक होती. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि त्याच विचारातून नाशिकला 1914 मध्ये मराठा विद्या प्रसारक समाज व उदोजी मराठा बोर्डिंग आकाराला आले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1947 मध्ये साताऱ्याला काढलेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात तर मुलगा कष्ट करून शिकत असे, आणि त्याच कल्पनेची ‘कमवा आणि शिका’ ही योजना आजही पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत चालते. या सर्वांत साम्य असे की मुलाला आधी जागा आणि भाकरी मिळे, चौकशी नंतर होत असे. त्या संस्थांचा व्याप लहान होता आणि प्रवेश अनेकदा जातीपुरता मर्यादित होता, हे मान्य करूनही क्रमाचा धडा तेथूनच घेण्यासारखा आहे.

परदेशातील दाखले देऊन महोदयांना लाजविण्याचा हेतू नाही, कारण तेथेही महोदयांचे नातलग नांदतात. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज, म्हणजे स्थानिक विद्यार्थ्यांसाठीचे कमी शुल्काचे आणि मुख्यतः दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय, यात शिकणाऱ्या गरजू विद्यार्थ्यास पेल ग्रँट हे परत न करावयाचे अनुदान मिळते आणि त्यासाठी फाफ्सा नावाचा एकच केंद्रीय अर्ज भरावा लागतो. तो सोपा करण्याच्या प्रयत्नात 2023 साली ऑक्टोबरऐवजी 30 डिसेंबरला खुला झाला आणि देशभर गोंधळ उडाला. तरीही प्रत्येक योजनेसाठी निराळी गरिबी सिद्ध करावी लागत नाही, एवढा फरक उरतोच. आपल्याकडे शैक्षणिक कर्जाचा मार्गही आहे, आणि 4 लाखांपर्यंत तारण मागू नये असा बँकांचा आदर्श नियमही आहे. परंतु नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना देशातील निवडक (सुरुवातीला 860) संस्थांपुरती असल्याने तालुक्याच्या साध्या कला-वाणिज्य महाविद्यालयाला तिचा फारसा उपयोग नाही.

सबब महोदयांस विनंती अशी की, नॉन-क्रीमी लेअरसाठी, म्हणजे मागासवर्गातील सधन गटात मोडत नसल्याच्या प्रमाणपत्रासाठी, ते तीन वर्षांचे उत्पन्न एकाच कागदावर सांगू शकतात, तर शिष्यवृत्तीसाठीही पदवी पूर्ण होईपर्यंत एकदाच दिलेला दाखला चालावा म्हणून त्यांनी आपले वजन खर्च करावे. निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता महाविद्यालयाच्या प्रवेशपावतीवर जुलैतच द्यावा आणि पडताळणी नंतर करावी, असे बंधूंना सांगावे. आणि अप-डाउन करणाऱ्यालाही पोट असते, ही बाब अहवालात नमूद करून घ्यावी.

तोपर्यंत सायखेड्याच्या विद्यार्थ्यांनी दाखल्याचा अर्ज एप्रिलमध्येच करावा, आधार कोणत्या खात्याशी जोडले आहे ते प्रवेशाआधी बँकेत जाऊन पाहावे, पोर्टलवरील अर्जाची स्थिती दर आठवड्याला तपासावी आणि हार्ड कॉपी देताना तारखेसह पोच घेतल्याशिवाय कार्यालयाच्या खिडकीपासून हलू नये.