असा मूर्खपणा करावाच

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी फायबर घेणं हा शुद्ध मूर्खपणा, यावर सगळ्या घराचं एकमत होतं. राहणारी माणसं दोनच, काका आणि काकू. मोबाइलला रेंज हवी तर सड्यावर चढायचं. केबलवाल्याने खांबांचा आणि वायरीचा खर्च सांगितला तेव्हा आत्या म्हणाली, "एवढ्यात सगळी कौलं बदलून होतील!" हिशेब बिनचूक होता. काकांनी तरीही पैसे मोजले. मी चेन्नईत टी. नगरला राहतो. आमच्या जिन्यात कंपन्यांच्या वायरी एकमेकींत गुंतून लोंबतात आणि वेग ही इथे कुणाला मागावी लागणारी गोष्टच नाही. इथे राहूनच मला काकांचा मूर्खपणा फार मोलाचा वाटतो.

शहाणा माणूस गिऱ्हाईक बघून वायर ओढतो. पण वायर नसलेल्या वाडीतलं गिऱ्हाईक पोटापाण्यासाठी केव्हाच मुंबईला गेलेलं असतं. म्हणजे कुणीतरी आधी वेडं व्हावं लागतं.

चेन्नईत अशी वेडी माणसं झाली. 1990 च्या दशकात, गावात साधा फोन मिळायची मारामार होती तेव्हा, आयआयटी मद्रासच्या अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने खेड्यांसाठी 'कॉरडेक्ट' ही बिनतारी यंत्रणा उभी केली. इंटरनेटचा वेग 35 किंवा 70 किलोबिट. तेवढ्यावर मदुराई जिल्ह्यातल्या मेलूर भागातल्या केंद्रांवरून डोळ्यांचे फोटो अरविंद नेत्र रुग्णालयाच्या डॉक्टरांना जायचे. पुढे त्यातली बरीच केंद्रं बंद पडली, पण त्या डोळ्यांची तपासणी काही वाया गेली नाही.

आणि याच शहरातून समुद्राच्या तळाने अंदमानला केबल गेली. लांबी सुमारे 2300 किलोमीटर, खर्च सुमारे 1224 कोटी, 2011 च्या जनगणनेप्रमाणे बेटांवरची वस्ती 3 लाख 80 हजार. भागाकार केला तर माणशी 32 हजार रुपये पडतात. कुठला व्यापारी हे करेल? 10 ऑगस्ट 2020 ला ती सुरू झाली. त्याआधी सगळी बेटं उपग्रहाच्या महागड्या, तुटपुंज्या जोडणीवर दिवस काढत होती.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना केंद्राने 2011 मध्ये मंजूर केली, तीच आजची भारतनेट. पण पंचायतीपासून घराच्या पडवीपर्यंतचं अंतर उरतंच, आणि तिथे काकांसारखा माणूस लागतो.

जोडणीच्या दिवशी मी गावी होतो. केबलवाल्याचा पोरगा पडवीत मांडी घालून बसला. वायर सोलून त्याने आतली केसासारखी काच स्पिरिटने पुसली, टोक कापलं आणि मशीनमध्ये ठेवलं. धूळ नको म्हणून काकूने पंखा बंद केला. छोट्या पडद्यावर काचेची दोन टोकं समोरासमोर आली, ठिणगी पडली आणि सांधा दिसेनासा झाला. डब्यावरचा लाल दिवा गेला, हिरवा लागला.

पुढचे त्रास खरेच आहेत. माकडं वायर कुरतडतात. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर घ्यावा लागला. पण निकालाच्या नि फॉर्मच्या दिवसांत पोरं आता सड्यावर चढत नाहीत, पडवीत बसतात. पुण्यातला चुलतभाऊ ऐन आंब्याच्या हंगामात लॅपटॉप घेऊन राहिला. सकाळी बागेत, मग कामावर. अशा जोडणीत एका फायबरवर 32 घरंसुद्धा चालतात, त्यामुळे खांब उभे राहिल्यावर शेजाऱ्यांना जोडणी स्वस्तात पडली. त्यांनीच काकांना वेड्यात काढलं होतं. काकांनी कुणाकडे खांबांचा वाटा मागितला नाही. पहिल्याने जास्त मोजायचंच असतं, असं ते म्हणतात आणि मलाही ते पटतं.

ओढ्यापलीकडे धनगरवाड्यात चार घरं आहेत. तिथे परवडत नाही, असं केबलवाला म्हणतो. काका पुन्हा खांबांचा भाव विचारून आलेत. निम्मे पैसे मी पाठवतोय.