मोजणी नाही, फोटो

परभणी जिल्ह्यात निसर्गाचे फोटो काढायला निघालेल्या माणसाला जनावरांची भीती नसते. धास्ती असते ती चौकशीची. जिंतूर रस्त्याला झरी ओलांडून तुम्ही कुठंतरी बांधाकडेला गाडी लावता, ट्रायपॉड उभा करता, लेन्स चढवता, आणि पाच मिनिटांत एक मोटारसायकल येऊन थांबते. गाडीवरचा माणूस आधी ट्रायपॉडकडे पाहतो, मग तुमच्याकडे, मग लेन्सचं तोंड ज्या दिशेला आहे त्या आपल्या रानाकडे.

"काहो, कशाची मोजणी करायलात?"

त्याला हसण्यात अर्थ नाही. तीन पायांवर उभं राहणारं यंत्र या मुलखात अलीकडे एकाच कामासाठी येतं. जालना–नांदेड द्रुतगती मार्ग याच जिल्ह्यातून आखला गेला आणि शक्तिपीठ महामार्गाच्या मोजणीला इथले शेतकरी आडवे झाले. अशा ठिकाणी "मोजणी नाही मामा, हरणांचे फोटो काढायलोय" हे उत्तर घरून पाठ करून आल्यासारखं वाटतं. हरणाच्या फोटोसाठी कुणी पेट्रोल जाळतं का?

माझा भाचा ऑस्ट्रेलियात ॲडलेडला असतो. सुटी मिळाली की तो गाडी काढतो आणि आउटबॅकमध्ये शिरतो. मग कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो येतात: लाल माती, निळं आभाळ, मधून क्षितिजापर्यंत गेलेली डांबराची रेघ आणि कडेला एखादा कांगारू. खाली ओळ असते, दोनशे किलोमीटर माणूस दिसला नाही. त्याला हे अभिमानानं सांगायचं असतं. परभणीत त्याची आई ते वाचून घाबरते आणि विचारते, "मग जेवलास कुठं?"

तिकडचं मोकळेपण खोटं नाही. पोर्ट ऑगस्टा ते डार्विन हा स्टुअर्ट हायवे अडीच हजार किलोमीटरांहून लांब. तो ज्या नॉर्दर्न टेरिटरीतून जातो तो प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आणि तिथली एकूण वस्ती अडीच लाखांच्या आसपास. म्हणजे पाच चौरस किलोमीटरला एक माणूस. आमच्या जिल्ह्यात 2011च्या जनगणनेत 18 लाख 36 हजार माणसं होती, चौरस किलोमीटरला जवळपास तीनशे. त्यातला एकही फोटोत येऊ नये अशी अपेक्षा धरायची तर चौकट फार छोटी घ्यावी लागते. माणूस टाळला तर विजेचा खांब येतो. खांब टाळला तर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा बॅनर, आणि त्यावर हात जोडून उभे असलेले भावी आमदार. वन्यजीव म्हणून मी त्यांचे फोटो काढत नाही, पण दिसायला ते काळविटापेक्षा सोपे आहेत.

काळवीट अवघड आहे, आणि त्याला कारण आमची माती. कॅमेऱ्यातलं उजेडाचं गणित जग सरासरीनं करडं आहे असं धरून चालतं. समोर नांगरलेलं काळं रान आलं की त्याला वाटतं, उजेड कमी पडलाय. तो सगळं उजळ करतो आणि परभणीची माती धुऊन काढल्यागत करडी येते. म्हणून एक्स्पोजर खाली ओढायचं. तेवढ्यात त्या काळ्या रानात काळवीट नर येतो, पाठीला काळा, पोटाला पांढराशुभ्र. मातीचा रंग सांभाळला तर पाठ मातीत मिसळून जाते, पाठ सांभाळली तर पोट नुसता पांढरा डाग होतो. भाच्याला वाटतं, मामाचा कॅमेरा जुना झाला. त्यानं तिकडच्या लाल मातीवर हात बसवलाय. पश्चिम क्वीन्सलँडात मात्र आमच्यासारखीच काळी, वाळली की भेगाळणारी जमीन आहे, आणि पाऊस झाला की तिथले कच्चे रस्ते सरळ बंद ठेवतात. आपल्याकडे तशी पाटी लागत नाही. ट्रॅक्टर बोलवायची वेळ आली की समजायचं, रस्ता बंद होता.

जनावरांचंही तंत्र असतं. कळप बैलगाडीला, ट्रॅक्टरला, भरधाव मोटारसायकलीला मोजत नाही. ते सारं त्याच्या रोजच्यातलं. गाडीचा वेग कमी झाला की माना वर होतात आणि दार उघडल्याचा आवाज आला की माद्या पुढं, कळप मागं, उड्या मारत पार पलीकडच्या तुरीत. त्यामानानं तारेवरची कापशी बिचारी थांबते. लाल डोळ्यांचा तो लहानसा शिकारी पक्षी तिकडच्या तारांवरही बसतो. म्हणजे त्याचा सख्खा चुलतभाऊ, सहजी वेगळा ओळखू येणार नाही असा.

दोन्हीकडे संध्याकाळनंतर गाडी चालवणं धोक्याचं. तिकडे सांजेला कांगारू रस्त्यावर येतात आणि साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब, अनेक ट्रेलर ओढणारे ट्रक धावतात. त्यांना रोड ट्रेन म्हणतात. आमच्याकडे रोही आणि रानडुकरं येतात, आणि हंगामात गंगाखेड-पाथरीकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, पुढं गाणं जोरात. रोही निदान गाणं लावत नाही.

मागच्या हिवाळ्यात भाचा आला तेव्हा त्याला घेऊन मी बोरीच्या अलीकडे थांबलो. ट्रायपॉड लागला, मोटारसायकल आली, मोजणीचा प्रश्न झाला. हरणांचं नाव काढल्यावर मोटारसायकलवरच्या मामांचा चेहरा बदलला.

"हरणाचे? मग माझ्या हरभऱ्याचा बी काढा की. आम्ही शेंडे खुडतो ते फुटवा यावा म्हणून. ह्ये मुळापस्तोर खातेत."

मग त्यांनीच सांगितलं की कळप दिवस उगवायला कुठल्या अंगाला असतो, ऊन चढल्यावर कुठल्या पाझर तलावावर जातो आणि त्यात मोठे नर किती. वन्यजीवांच्या पुस्तकांत असली माहिती सापडत नाही. ज्याचं पीक खाल्लं जातं तो माणूस कळपाचं वेळापत्रक तोंडपाठ ठेवतो. भाच्यानं हरभऱ्याचा फोटो फार मन लावून काढला, पार्श्वभूमी धूसर वगैरे करून. मामांनी पडद्यावर पाहिलं आणि म्हणाले, "बांध कुठाय ह्यात? गट नंबर कसा कळंल?"

तिथं कला संपली. कारण फोटोतलं मामांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. 15 ऑगस्ट 2021पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात उभं राहून, मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह पिकाचा फोटो चढवायचा असा नियम आला. एवढे निसर्ग-छायाचित्रकार एका फटक्यात दुसऱ्या कुठल्या सरकारनं तयार केले असतील असं वाटत नाही. बांधावर उभा राहून, रेंजसाठी मोबाइल आभाळाकडे धरलेला माणूस हे हंगामात दिसणारं दृश्य आहे, आणि ते मी आवर्जून टिपतो. चौकट सुंदर आली का, हा प्रश्न त्याला पडत नाही. फोटो 'अपलोड' झाला का, एवढाच पडतो.

भाच्याचे ते रिकामे फोटोही मी त्यानंतर पुन्हा पाहिले. ज्या माळावर दोनशे किलोमीटर माणूस नव्हता तिथं कुणाचं तरी कुंपण होतंच. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं ॲना क्रीक हे एकच गुरांचं रान एवढं मोठं की त्यात दोन परभणी जिल्हे मावतील. उलुरू नावाचा तो जगप्रसिद्ध लाल खडक 1985 साली तिथल्या मूळच्या अनंगू लोकांना परत देण्यात आला, आणि त्याच्या काही भागांचे फोटो काढू नका असं ते आजही पाहुण्यांना सांगतात. आपल्याकडच्या जातीच्या चितळांनाही तिकडे धनी भेटले: 1886 साली उत्तर क्वीन्सलँडात मेरीव्हेलला ती सोडली, आणि आता तिथले पशुपालक त्यांच्या नावानं बोटं मोडतात, अगदी बोरीच्या मामांसारखी. बिनमालकीचा देखावा बहुधा कुठंच नसतो. फरक एवढाच, की परभणीत मालक पाच मिनिटांत मोटारसायकलवर येतो.

तेव्हा जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा. मराठवाड्यातल्या धरणांवर तेव्हा चक्रवाक आलेले असतात, आणि जिंतूरच्या पुढे पूर्णेवरचं येलदरी धरण उन्हं कोवळी असताना पाहण्यासारखं आहे. गरम कपडे घ्या. इथल्या कृषी विद्यापीठात नोंदवलेला पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांखाली गेलेला आहे. उभ्या पिकात पाय घालू नका. मोटारसायकल थांबली की कॅमेऱ्यातून डोळा काढून आधी नाव-गाव सांगा. आणि कुणी खाल्लेल्या हरभऱ्याचा फोटो मागितला तर बांधासकट काढून तिथल्या तिथं त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. घरी गेल्यावर पाठवतो म्हणू नका. पंचनाम्याला तारीख लागते.