फुग्यात मावेल एवढंच

मलकापुरात कापसाचे व्यापारी आहेत, जिनिंगवाले आहेत आणि चित्रकथांचे एक संपादक आहेत. गाव त्यांना भाऊ म्हणतं. कार्डावर नावापुढे ‘संपादक’ आणि खाली झेरॉक्सच्या दुकानाचा पत्ता.

भाऊ गोष्ट लिहीत नाहीत. ते काम एका गुरुजींचं. चित्रंही काढत नाहीत. ती दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर काढतो. भाऊ फक्त खोडतात. सोयरीक जमताना सासऱ्यांनी विचारलं होतं, “मंग या खोडण्याचा पगार कोन देते?” झेरॉक्सचं मशीन त्यानंतर आलं.

खोडण्याचा नाद लागला तो स्टेशनावर विकत घेतलेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे. 1964 साली टाइम्सवाल्यांनी ती मालिका काढली, 1990 साली मिटवली. बाकीची पोरं तिच्या नायकाच्या, वेताळाच्या ठोशांवर खूश. भाऊंना मोठेपणी कळलं, की वेताळाच्या देशाचं मूळ नाव आपल्या बंगालच्या फार जवळ जात होतं म्हणून इंद्रजालवाल्यांनी ते ‘डेंकाली’ केलं, आणि समुद्री चाच्यांच्या ‘सिंग’ टोळीला ‘सिंगा’. “एक काना देऊन भांडण मिटवलं! वेताळाला जमलं असतं का?” असं ते अजून विचारतात. खरं सांगायचं तर नसतं जमलं.

भाऊंचं दैवत अनंत पै. 1967 साली दिल्लीत टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणातलं उत्तर आलं, रामाच्या आईचं नाव मात्र आलं नाही. ते पाहून पैंनी अमर चित्र कथा उभी केली. भाऊंनीही चित्रकथांचं मासिक काढायचं ठरवलं आणि शाळेत जाऊन तोच प्रश्न टाकला. अख्खा वर्ग ओरडला, “कौसल्या!” गावोगाव हरिनाम सप्ताह चालणाऱ्या तालुक्यात दुसरं काय होणार? वर मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, “काका, आता तुम्ही सांगा, जटायूच्या भावाचं नाव काय?” भाऊंना संपाती आठवला तो घरी पोचल्यावर. मासिकाची गरजच संपली होती, पण कागद आणून झाला होता.

पहिला अंक सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवांवर. जिल्ह्याचा अभिमान, विषय भक्कम. पण पेंटर अडला. “भाऊ, घोड्याचे पाय काही जमून नाही राहिले.” भाऊंनी रात्रभर विचार केला आणि निकाल दिला, “ज्वारी काढ.” त्या अंकात लखुजींचं घोडदळ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत छातीएवढ्या ज्वारीतून जातं. बुऱ्हाणपूरच्या रस्त्यावर ज्वारी, वाड्याच्या अंगणात ज्वारी. एका शेतकऱ्यानं बियाणं कोणतं म्हणून चौकशी केली.

भाऊंचा नियम एकच. पात्राच्या तोंडाजवळच्या फुग्यात बारा शब्द. तेरावा आला की गुरुजींनी मूग गिळायचे. आता हा नियम त्यांनी गिऱ्हाइकांनाही लावलाय. एकजण सातबाऱ्यासाठी दोन पानी अर्ज घेऊन आला. भाऊंनी तो कापून कापून ‘साहेब, सातबारा द्या’ एवढा केला. तलाठ्यानं त्याच दिवशी उतारा दिला, हे भाऊ सर्वांना सांगतात. तलाठी अर्जदाराचा मेव्हणा होता, हे सांगत नाहीत. ते फुग्यात मावत नाही.

घरी मात्र नियम चालत नाही. वहिनींचा फुगा पानाबाहेर जातो, शेजारच्या चौकटी व्यापतो आणि भाऊंच्या वाट्याला तीन ठिपके उरतात.

चित्रकथेवर लेखकाचं नाव असतं, चित्रकाराची सही असते. संपादक नीट काम करतो तेव्हा दिसतच नाही. अंकल पै म्हणून पोरांनी ज्याला पत्रं लिहिली, तसा संपादक विरळाच. भाऊंना आजवर एकच पत्र आलं. त्यात ज्वारीचं कौतुक होतं.

अंक दुकानात मिळतो. चोवीस पानं, किंमत वीस रुपये. त्याची झेरॉक्स काढायला त्याच दुकानात अठ्ठेचाळीस रुपये पडतात, तेव्हा मलकापूरला उतरलात तर मुकाट्यानं विकत घ्या.