खेळाडू बारा, नावं सहा

पुण्याहून संभाजीनगरला आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघालेला बास्केटबॉलचा संघ घोडेगावात हमरस्ता सोडतो आणि शिंगणापूरकडे वळतो. कारण सरांची साडेसाती चालू असते. संघाची तर कायमचीच चालू असते.

वळणावर मोटारसायकली मागे लागतात. पार्किंग फुकट, चपला सांभाळू, ताट आमच्याकडूनच घ्या. ताटात तेलाची बाटली, रुईच्या पानांचा हार, काळं कापड, नाल. इकडे या मंडळींना लटकू म्हणतात. शिर्डीला हेच पॉलिशवाले होतात. पोलीस अधूनमधून त्यांना पळवतात, तोवर दुसरी बॅच तयार.

दर्शनाला आलेल्याच्या गाडीला लटकायचं आणि कमिशन खायचं. भांडवल शून्य, नवस दुसऱ्याचा.

खेळाच्या दुनियेत याच कामाला ब्लेझर, टाय आणि दैनिक भत्ता मिळतो.

पण आधी परदेशात जाऊन येऊ. वाचकांना व्हिसा लागत नाही.

अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. एनसीएए ही तिथली महाविद्यालयीन खेळांची कारभारी संस्था. तिच्या नियमानुसार संघाला चार वर्षांतून एकदा परदेश दौरा करता येतो आणि त्यासाठी सरावाचे १० दिवस जादा मिळतात. मग ऑगस्ट आला की कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षकाला परक्या संस्कृतीचं भरतं येतं. इटली, स्पेन, बहामाज. विद्यार्थ्यांचं अनुभवविश्व रुंदावलं पाहिजे, नाही का?

संस्कृती कुठली? शक्यतो समुद्रकिनारा असलेली.

या दौऱ्यातले सामने हंगामाच्या हिशेबात धरत नाहीत. समोर कधी त्या देशाची निवडक पोरं, कधी एखादा क्लब. बरेचदा पन्नास-साठ गुणांनी जिंकायचं, समुद्रात डुंबायचं, पुन्हा जिंकायचं. सोबत पैसेवाले माजी विद्यार्थी आणि चाहते असतात. संघाच्याच हॉटेलात उतरतात, नव्या पोरांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. देणगीचा चेक परतीच्या विमानात पिकतो.

म्हणजे लटकू तिकडेही आहेत. फक्त ते आपलं तिकीट आपण काढतात.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये केंटकी विद्यापीठाचा संघ बहामाजला गेला. त्यांचा हुकमी एक्का ऑस्कर शिब्वे मूळचा काँगोचा. विद्यार्थी व्हिसा असल्यामुळे अमेरिकेत राहून जाहिरातींतून कमवायला त्याला कायद्याची आडकाठी. अमेरिकेबाहेर ती नाही. गड्यानं बहामाजच्या मुक्कामात जाहिरातींची कामं उरकून घेतली. लाखो डॉलरच्या बातम्या आल्या.

दौऱ्यावर चक्क खेळाडूनं कमावलं! आपल्याकडे अशी अनियमितता कुणी खपवून घेतली असती?

जॉर्जटाउन विद्यापीठाची गोष्ट त्याहून रंगतदार. २०११ च्या ऑगस्टमध्ये हा संघ चीनला गेला. एका सामन्याला खुद्द उपाध्यक्ष जो बायडेन प्रेक्षकांत होते. दुसऱ्याच दिवशी बीजिंगमध्ये बायी रॉकेट्स या चिनी लष्कराच्या संघाशी गाठ पडली. गुण ६४-६४, नऊ मिनिटांचा खेळ बाकी, आणि दोन्ही संघ एकमेकांवर तुटून पडले. खुर्च्या उडाल्या, प्रेक्षकांतून बाटल्या आल्या. प्रशिक्षकानं संघ उचलला आणि बाहेर काढला. मग विमानतळावर दिलजमाई.

दौरा कशासाठी होता? सद्भावनेसाठी.

पण एक मानावं लागेल. हाणामारी खेळाडूंमध्ये झाली. म्हणजे मैदानात खेळाडू होते.

आपल्याकडे तेवढंही गृहीत धरता येत नाही.

जुलै २०२५. जर्मनीत ऱ्हाइन-रूर भागात जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा. भारतानं बॅडमिंटनसाठी १२ मुलंमुली निवडली. त्यांना विमानात बसवलं, तिकडे उतरवलं. पोचल्यावर कळलं, स्पर्धेत नावं सहाच गेली आहेत. व्यवस्थापकांच्या बैठकीत एक कागद द्यायचा होता. कागद दिला. त्यावर अर्धा संघ नव्हता.

उरलेल्या सहांनी काय करायचं? टाळ्या वाजवायच्या. परदेशी गॅलरीत बसून.

एवढं होऊनही पोरांनी मिश्र सांघिक गटात कांस्यपदक आणलं. कुणी सांगावं, पुढच्या वेळी हाच दाखला देतील, सहा पुरतात! संघ पाठवणाऱ्या असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजनं चौकशी लावली, एक अधिकारी निलंबित झाला. चौकशी समितीच्या यादीत तरी सगळी नावं भरली असावीत.

मला एक सांगा. पथकाबरोबर निघालेल्या एखाद्या साहेबांचं नाव चुकून राहिलं आणि ते विमानतळावरून रिक्षा करून घरी आले, असं ऐकलंय कधी? हॉटेलच्या यादीत राहिलं? भत्त्याच्या? उद्घाटनाच्या संचलनाच्या? नाव राहतं ते नेमकं खेळण्याच्या यादीत.

कारण त्या एकाच यादीत साहेबांचं नाव नसतं.

याच २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेत शिंगणापूर गाजलं. बनावट ॲपवरून ऑनलाइन पूजेचे पैसे उकळल्याचा विषय होता, आणि देवस्थानात कर्मचारी कागदावर भरमसाट, जागेवर मात्र सापडत नाहीत, असाही. जर्मनीत माणसं होती, कागदावर नव्हती. इथे कागदावर होती, माणसं नव्हती.

दोन्ही खाती एकत्र केली तर ताळेबंद जुळतो.

शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, चोराला देव बघून घेतो. २०११ मध्ये युको बँकेनं कुलपाविना शाखा उघडली, देशभर बातमी झाली. २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणंही आलं. देवालाही शेवटी एफआयआर क्रमांक लागतो. क्रीडा संघटनांच्या कचेऱ्यांना मात्र दार आहे, कुलूप आहे, कॅमेरा आहे.

तरी दर वेळी कुणाची तरी नावं आतच राहतात.

अशा वेळी जुना काळ बरा होता म्हणायचा मोह होतो. आवरा. १९५२ साली गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, तेव्हा तिकिटाला पैसे नव्हते. सरकारदरबारी खेटे घालून झाले. शेवटी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातले त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकलं आणि ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडकरांनी बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली. गुलाल उतरला, आणि पदकविजेता पुन्हा आखाड्यात. कुस्त्या करून त्यानं प्राचार्यांचं घर सोडवलं.

गावानं बैलगाड्या दिल्या, गुरुजींनी घर दिलं. सरकारनं? अर्जुन पुरस्कार. खाशाबा १९८४ मध्ये गेले, त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

आजच्या एखाद्या प्राचार्यांना म्हणून बघा, पोरगं परदेशी खेळायला चाललंय, घर गहाण टाकता का? म्हणतील, टाकलं असतं हो, पण आधी नॅकची समिती येऊन जाऊ दे.

त्याच्याही आधीचा दौरा १९३६ चा. बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ तिकडे गेला आणि हुतूतू, मल्लखांब असले देशी खेळ दाखवून आला. अमेरिकी कॉलेजांना बहामाज सुचायच्या कितीतरी आधी विदर्भातली एक व्यायामसंस्था बर्लिनला पोचली होती. आपल्याला हे सांगायचं कुणाला सुचत नाही, कारण त्यात उद्घाटनाची फीत नाही.

त्याच बर्लिनमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिक पदकासाठी खेळला गेला. कुठे? उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टांवर. अंतिम सामन्याला पाऊस आला. चिखलात चेंडू टप्पाच घेईना. अमेरिकेनं कॅनडाला हरवलं, १९-८. दोघांचे मिळून २७ गुण! खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ त्या ऑलिंपिकला जातीनं हजर होते.

नगर जिल्ह्यातली कुठलीही खेळाडू पोरगी म्हणेल, यात नवल ते काय? आमचं कोर्ट जूनपासून असंच असतं.

एकदा बघाच हे कोर्ट. सिमेंटचं, कडेनं गवत. रिंग आहे, जाळी नाही. बोर्डाचा प्लायवूड पावसानं फुगलेला, डाव्या अंगाला चेंडू लागला तर परत येतो, उजव्या अंगाला लागला तर तिथेच जीव सोडतो. फ्री थ्रोच्या रेषेवर परीक्षेच्या दिवसांत दुचाक्या. स्नेहसंमेलनाच्या मांडवासाठी पाडलेली भोकं पुढच्या स्नेहसंमेलनापर्यंत तशीच, तेवढंच मांडववाल्याचं काम वाचतं. पाऊस उघडला की पोरं खराट्यानं पाणी लोटतात. भोकांची जागा त्यांना तोंडपाठ असते. पाहुणा संघ ड्रिबल करत येतो आणि चेंडू काटकोनात निघून जातो.

घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो हाच.

आणि आपला हंगामपूर्व सराव? पात्रतेचा फॉर्म! दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, बोनाफाइड, फोटो, प्राचार्यांची सही, कॉलेजचा शिक्का. सही तळमजल्यावर, शिक्का दुसऱ्या मजल्यावर, शिक्केवाला चहाला. या जिन्यावर जेवढा दम वाढतो, तेवढ्यावर संघ विभागीय स्पर्धेत उतरतो.

अमेरिकेत सरावाचे दहा दिवस जादा मिळतात. इथे दहा दिवसांत शिक्का मिळाला तर पेढे वाटतात.

जिमखान्याची फी मात्र सगळ्यांकडून, अगदी वाचनालयाबाहेर पाऊल न टाकणाऱ्याकडूनही. त्या पैशातून चेंडू येतात. एक खेळायला. दुसरा, नवाकोरा, काचेच्या कपाटात. तपासणीला आलेल्यांना दाखवायला.

स्पर्धा लांब असली की स्लीपरची वेटिंग तिकिटं. सहा फुटी पोरं दाराशी गुडघे पोटात घेऊन झोपतात. आणि टीम मॅनेजर? ते वातानुकूलित डब्यात. साहजिक आहे, पावत्या त्यांच्याकडे असतात आणि पावत्यांना उकाडा सोसत नाही.

पोरींची कथा वेगळी सांगायला नको. शिंगणापूरच्या चौथऱ्यावर जायला बायकांना २०१६ चा गुढीपाडवा उजाडावा लागला, तोही आंदोलन आणि उच्च न्यायालयाच्या निकालानंतर. क्रीडा संघटनांच्या कार्यकारिणीचा चौथरा त्याहून उंच आहे. पुण्याची शिरीन लिमये भारतीय बास्केटबॉल संघाची कर्णधार झाली. चौकात थांबवून विचारा. दहातले नऊ म्हणतील, कुठल्या मालिकेत असते?

पुरुषांचा संघ ऑलिंपिकला एकदाच पोचला, १९८० मध्ये मॉस्कोला. अमेरिका आणि मित्रमंडळींनी बहिष्कार टाकला म्हणून जागा रिकाम्या झाल्या. आपण सातही सामने हरलो आणि १२ संघांत बारावे आलो. हसू नका.

निदान खेळून हरलो. कागद न दिल्यानं नाही.

आता २०३६ चं ऑलिंपिक अहमदाबादला आणायचं चाललंय. बर्लिनच्या त्या चिखलाला बरोबर १०० वर्षं होतील. देशाची मान उंचावेल, पायाभूत सुविधा येतील, वगैरे. पण परदेश दौऱ्यांवर पोसलेल्या साहेबमंडळींचा कुणी विचार केलाय? नगरहून अहमदाबाद म्हणजे रात्रीची ट्रॅव्हल्स. ना व्हिसा, ना ड्यूटी फ्री, ना मुलांसाठी चॉकलेटं.

काळजी नसावी. यजमानपद पेलायचं तर आधी अभ्यास हवा. २०२८ चं लॉस एंजेलिस जवळून बघावं लागेल, २०३२ चं ब्रिस्बेन बघावं लागेल, मधे एखादी पूर्वपाहणी, एखादी उत्तरपाहणी. अभ्यासगटाची यादी कुठेतरी टाइप होत असेलच.

त्या यादीत एकही नाव राहणार नाही. लावता पैज?