बरं मग, निघतो

पाहुणा म्हणून एखाद्या घरात शिरायला मराठी माणसाला अर्धं मिनिट पुरतं. बाहेर पडायला मात्र पाऊण तास लागतो, आणि हा पाऊण तास ठरलेल्या पायऱ्यांनी जातो. आधी पाहुणा मांडीवर हलकी थाप मारून 'चला' म्हणतो. म्हणतो फक्त, उठत नाही. त्यावर यजमानांनी 'बसा हो, एवढी काय घाई' म्हणायचं असतं. तसं म्हटलं नाही तर पाहुण्याच्या ते कायमचं लक्षात राहतं. आणि तसं म्हटल्यावर पाहुणा खरोखरच पाय पसरून बसला, तर घरातल्या बाईंच्या. पाच-सात मिनिटांनी दुसरं 'चला' येतं, जरा वरच्या पट्टीत. आता सगळे उठतात. मग दारात एक विषय निघतो, चपला घालताना दुसरा, जिन्यात कुणाच्या तरी गुडघ्यांचा, आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा, गाडी सुरू झाल्यावर खाली केलेल्या काचेतून.

हा उद्योग फक्त आपलाच आहे, असं समजायचं कारण नाही. १९७३ साली मार्क नॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत निरोपाचाच अभ्यास केला होता. मुलाखत आटोपताना माणसं नेमकं काय करतात, ते त्यांनी टिपून ठेवलं. माणसं नजर काढून घेतात, भराभर माना डोलावतात, पुढे झुकतात. आणि तोंड अजून समोरच्याकडे असतानाच पाय दाराकडे वळवतात. हाताची थाप मारणं हा तर त्यांच्या यादीतला एक स्वतंत्र प्रकार होता. म्हणजे आपले तात्या पन्नास वर्षं मांडीवर जे करत आले, त्याची तिकडे रीतसर नोंद आहे. तात्यांना हे सांगितलं तर ते म्हणतील, 'यालाही पगार मिळतो?'

त्याच वर्षी इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या दोघांचा एक निबंध आला. त्यांचा प्रश्न वरवर बावळट वाटेल असा होता: दोन माणसांचं बोलणं संपतं कसं? बोलण्याची रीत अशी की एकाचं झालं की दुसऱ्याची पाळी. आता शेवटचं वाक्य बोलून एकजण गप्प झाला, तर दुसऱ्याला ते 'संपलं' असं ऐकू येणार की 'हा गप्प का झाला?' असं? फोनवरची बोलणी तपासून त्यांनी उत्तर काढलं, की बोलणं आपोआप संपत नाही, दोघांना मिळून ते संपवावं लागतं. एकजण 'वेल', 'ओके' असं काहीतरी, सूर खाली आणत, म्हणतो. आपण 'बरं मग' म्हणतो. त्या शब्दांत माहिती काहीच नसते. माझ्याकडचं संपलं, तुमच्याकडे काही शिल्लक असेल तर आत्ताच काढा, एवढंच त्यातून पोचतं. समोरूनही 'बरं मग' आलं की दार उघडलं.

सॅक्स हा माणूस मला फार आवडतो. आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी लॉस एंजेलिसमध्ये एक केंद्र होतं. तिथे आलेल्या फोनांचा त्यानं १९६३-६४च्या सुमारास अभ्यास केला. केंद्रातला माणूस आधी आपलं नाव सांगायचा, म्हणजे रिवाजानुसार पलीकडचाही सांगेल. पलीकडच्या एकानं त्यावर काय केलं? 'ऐकू येत नाही' म्हटलं. मग नाव पुन्हा सांगा, नीट सांगा, यात नाव सांगायची त्याची पाळी अलगद निसटून गेली. काय ऐकू येत नाही, एवढंच बहुतेकांनी ऐकलं असतं. सॅक्सला त्यातली युक्ती ऐकू आली. १९७५ साली मोटारअपघातात तो गेला, जेमतेम चाळिशीत.

आता 'बरं मग'च्या त्या फटीकडे वळू, कारण खरी गंमत तिथेच आहे. शिल्लक असेल ते काढा, असं म्हटल्यावर माणसं खरोखरच काढतात. दोन तास हवा, पाणी, आंबे आणि पुतण्याचं प्रमोशन झाल्यावर, एक चप्पल पायात आणि एक हातात असताना काकू म्हणतात, 'ते एक राहिलंच. आमच्या सुमीसाठी कुणी असेल तर बघा हं.' त्या आल्या होत्या ते याचसाठी. पण सोफ्यावर हे बोलल्या असत्या तर ते मागणं झालं असतं, आणि मागण्याला होकार किंवा नकार द्यावा लागतो. दारात बोललं की 'बघतो की' एवढ्यावर भागतं आणि दोघांचीही पत राहते. उसने पैसेही बहुधा दारातच मागितले जातात. डॉक्टरांना हे पाठ असतं: सर्दीचं औषध घेऊन निघालेला पेशंट दाराशी वळून म्हणतो, 'छातीत जरा चमकतं कधीकधी.' त्या क्षणी शहाणा डॉक्टर पुढच्याला आत बोलवत नाही.

२०२१ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट मोजली. बोलणं दोघांनाही हवं होतं त्याच वेळी संपलं, असं किती वेळा होतं? जेमतेम दोन टक्के. बाकी सगळीकडे कुणी ना कुणी अडकलेलं, किंवा अजून बोलायचं असून उठलेलं. समोरच्याला कधी थांबायचं आहे, याचा अंदाज कुणालाच नीट येत नव्हता. आणि आपल्याला कधी थांबायचंय हे सभ्यपणापायी कुणी सांगत नव्हतं.

या बाबतीत आपली एक सोय मला फार सुबक वाटते: हळदीकुंकू. 'थांबा, कुंकू लावते' म्हणून घरातली बाई आत गेली, की भेट संपल्याचं जाहीर होतं, आणि ते जाहीर होतं मानानं. कुणी कुणाला घालवलं नाही, कुणी कुणाला टाकून गेलं नाही. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं म्हटलं होतं की, यापुढे काही काळ आपण एकमेकांच्या हाताशी नसू, हे निरोपातून मान्य केलं जातं. तेवढ्यासाठी कपाळावर एक बोट पुरतं. पुरुषांकडे मात्र असं काही नाही; ते बिचारे पार्किंगमध्ये मायलेजवर बोलत उभे राहतात.

फोन आला आणि हे सगळं आवाजावर आलं: 'बरं मग', 'हो हो', 'चल ठेवते', 'ठेव'. ते 'बरं मग' गाळून कुणी फोन ठेवला तर 'आपटला' म्हणतात, रिसीव्हर कितीही अलगद टेकवलेला असो. व्हॉट्सॲपवर तर शेवटच नाही. तिथलं बोलणं संपत नाही, नुसतं पडून राहतं. म्हणून आपण अंगठा पाठवतो, आणि तरुण मंडळी म्हणतात, तो रागाचा असतो.

व्हिडिओ कॉलची तऱ्हा आणखी वेगळी. न्यूजर्सीतल्या लेकीला आजी-आजोबा हात हलवून, नातवाकडून पापा घेऊन, चार वेळा 'काळजी घ्या' म्हणून रीतसर निरोप देतात. कॉल बंद करायचं बटण मात्र दोघांनाही सापडत नाही. फोन तसाच टेबलावर उताणा पडतो आणि न्यूजर्सीत पुण्याचा पंखा दिसू लागतो.

'बारीक झालीय ना?' आजी म्हणते. 'मी मुद्दाम नाही विचारलं.'

'जावई आज एकदाही दिसले नाहीत,' आजोबा म्हणतात.

'आई, ऐकू येतंय!' पंख्याखालून आवाज येतो. मग चष्मा शोधला जातो, फोन उचलला जातो, आणि पुन्हा पहिल्यापासून: जावई ऑफिसात आहेत, वजन मुद्दाम कमी केलंय, पोळीऐवजी हल्ली काय खातेस, बरं मग.