एकट्याचे प्रजासत्ताक
कोणा एका कंपनीच्या ताब्यात नसलेले, असंख्य स्वतंत्र सर्व्हरांचे मिळून बनलेले विकेंद्रित समाजमाध्यम ही कल्पना, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने २०१८ साली ‘ॲक्टिव्हिटीपब’ या प्रोटोकॉलला, म्हणजे सर्व्हरांनी परस्परांशी बोलण्याच्या ठरावीक रीतीला, मान्यता दिल्यावर बाळसे धरू लागली. असा सर्व्हर चालवण्यासाठी पोस्टग्रेस, रेडिस असा डेटाबेसांचा लवाजमा मागणारे मॅस्टोडॉन हे सॉफ्टवेअर ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी ‘गोटूसोशल’ हे हलके सॉफ्टवेअर आहे. ते रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही निमूट चालते. मात्र नव्या सर्व्हरला शेजारपाजार ठाऊक नसल्याने, आणि ज्यांना ‘फॉलो’ केले आहे त्यांचेच लेखन प्रामुख्याने त्याच्याकडे येत असल्याने, मुक्त संवादाच्या या व्यासपीठावर प्रारंभी शुकशुकाट असतो. मालक, नियंत्रक, तक्रार निवारण अधिकारी आणि एकमेव रहिवासी ही चारही पदे स्वतःपुरता सर्व्हर उभारणाऱ्या एकाच गृहस्थाकडे असल्यामुळे आचारसंहिता तोच लिहितो, ती मान्य असल्याची खूणही तोच करतो आणि सर्व्हरच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत मध्यरात्री संपली की जाब स्वतःलाच विचारतो. डोमेन नाव मागाहून बदलण्याची सोय नसल्याने उत्साहाच्या भरात घेतलेले ‘क्रांती’छाप नाव जन्माला चिकटते. एवढा खटाटोप पार पडल्याची वार्ता आप्तेष्टांना कळवण्यासाठी तो ज्या व्हॉट्सॲप गटावर धाव घेतो, त्याची मालकी अर्थातच मेटाकडे असते.