रेव्हिजनवाले काका

ड्रॉइंग घेऊन यांच्यापुढे उभे राहा. तुमच्या चेहऱ्याकडे बघणार नाहीत, कागदावरच्या गिअरबॉक्सकडे तर नाहीच नाही. कपाळावरचा चष्मा खाली येतो आणि नजर थेट उजव्या खालच्या कोपऱ्यात, टायटल ब्लॉकमधल्या रेव्हिजनच्या अक्षरावर. मग सवाल: "ही प्रिंट कुठून मिळवलीत?" सूर असा, की चोरीचा माल मुद्देमालासह पकडलाय.

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत जा. चार मशिनं आणि एक डिझाइन ऑफिस असलं, की हे काका असतातच. हुद्दा 'डॉक्युमेंट कंट्रोलर'. व्हिजिटिंग कार्डावर भारदस्त दिसतो, पण लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला समजावताना पंचाईत होते. "म्हणजे फायली सांभाळता?" असं कुणी म्हटलं, की काकांची जिलबी पानातच राहते.

नोकरीला लागले ते ट्रेसर म्हणून. ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगचं पेन, रेघ चुकली तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची. ए-झिरोचं शीट म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचा ऐवज. त्याची अमोनिया प्रिंट काढताना डोळ्यांतून धारा लागायच्या. पण त्या दिवसांत एक सुख होतं. मास्टर ट्रेसिंग एकच, ते कपाटात, आणि कपाटाची किल्ली काकांच्या खिशात. साहेबालासुद्धा सही करूनच प्रिंट मिळे.

ऑटोकॅड जगात आलं १९८२ साली. काकांच्या कारखान्यात पोचायला बरीच वर्षं गेली, पण पोचलं आणि किल्ली निकामी झाली. फाइलची कॉपी मारता येते हा शोध डिझाइनच्या पोरांना लागला, त्या दिवसापासून काकांची झोप उडाली. एकाच फोल्डरात 'ब्रॅकेट_फायनल', 'ब्रॅकेट_फायनल_नवीन', 'ब्रॅकेट_साहेबांनी_पाहिलेलं' आणि 'ब्रॅकेट_हेच_वापरा'. चौघांत भोकाची जागा चार ठिकाणी.

मग कंपनीने ड्रॉइंग सांभाळायचं सॉफ्टवेअर घेतलं. आता काका घरी बसणार, अशी सगळ्यांची खात्री. झालं उलटंच. काका ट्रेनिंगला पहिल्या रांगेत बसले, वहीत सगळं उतरवून घेतलं आणि महिन्याभरात ॲडमिन होऊन बसले. खिशातली किल्ली गेली, तिच्या जागी पासवर्ड आला. सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंगच्या ज्या चार अवस्था असतात, त्या त्यांना इतक्या आवडल्या, की माणसंही ते त्यातच बसवतात. भाच्याचं लग्न सध्या 'अंडर रिव्ह्यू' आहे. निवृत्त होऊनही रोज चहाला येणारे जुने मॅनेजर 'ऑब्सोलीट, फक्त संदर्भासाठी'.

खरी मजा गणपतीत. सॉफ्टवेअरचा नियम असा, की एकाने फाइल चेक-आउट केली, की ती परत जमा होईपर्यंत दुसऱ्याला तिला हात लावता येत नाही. नियम चांगलाच आहे. पण डिझाइनचा पोरगा मुख्य असेंब्ली चेक-आउट करून मालवणला निघून गेला, लॅपटॉप पुण्यात, फोन घाटात. इकडे शॉपवाले खोळंबलेले, मार्केटिंगवाले काकांच्या टेबलाभोवती प्रदक्षिणा घालताहेत. कुलूप तोडायचा अधिकार ॲडमिनला, म्हणजे काकांना. काम एका क्लिकचं. काका शांतपणे म्हणतात, "मेल टाका. साहेबांना कॉपीत ठेवा. कारण लिहा." कारण 'अर्जंट' लिहिलं तर मेल परत येतो. अर्जंट हे कारण नव्हे, असं त्यांचं मत आहे, आणि मला ते पटतं.

नवीन ट्रेनी विचारतो, "काका, रेव्हिजन एच नंतर एकदम जे कशी?" काकांचा चेहरा खुलतो. आय आणि एक, ओ आणि शून्य यांची गल्लत होते, म्हणून ही दोन अक्षरं वगळायची. सोसायटीच्या नव्या विंगला 'आय' नाव द्यायचं ठरलं, तेव्हा सभेत यांनी हाच मुद्दा पाऊण तास लावून धरला होता. शेवटी लोकांनी कंटाळून 'जे' मंजूर केलं. पोस्टमन अजून आय विंग शोधतोय.

ऑडिट म्हणजे यांची दिवाळी. आयएसओ ९००१ चं कलम ७.५ त्यांना तोंडपाठ; २००८ च्या आवृत्तीत हेच ४.२.३ होतं, हेही न विचारता सांगतात. आदल्या दिवशी लाल शिक्का घेऊन शॉपवर फेरी निघते. मशिनवर चिकटवलेल्या, कपाटाच्या दाराला आतून डकवलेल्या, चहाच्या ग्लासाखाली गोल डाग पडलेल्या जुन्या प्रिंट हुडकून काढायच्या. ऑपरेटरमामा गयावया करतात, "काका, माझी सगळी मापं त्याच्यावर पेन्सिलीनं लिहिलीत हो!" काका ऐकत नाहीत. 'ऑब्सोलीट' उमटतंच.

आणि यात निव्वळ खडूसपणा नाही. एका फ्लँजवर एम १० च्या आट्यांचा पिच रेव्हिजन सीमध्ये दीड होता, डीमध्ये सव्वा झाला. सॉफ्टवेअरमध्ये डी रिलीज्ड, ईआरपीत डी, खरेदीच्या ऑर्डरवरही डी. सगळं हिरवंगार. जॉबवर्कवाल्याने मात्र व्हॉट्सॲपवर आलेला जुना फोटो बघून टॅप मारला. भोकं दिसायला सारखीच. असेंब्लीला बोल्ट दोन आटे आत जातो आणि अडतो. फिटरने जोर लावला, आटे गेले, लॉटच्या लॉट स्क्रॅप. मीटिंगमध्ये सॉफ्टवेअरवाला स्क्रीन दाखवून म्हणतो, "सिस्टिममध्ये करेक्ट आहे." काका एवढंच विचारतात, "मशिनपाशी कोण उभं होतं? सिस्टिम?"

त्या दिवसापासून काका चहाच्या सुट्टीत जॉबवर्कवाल्यांच्या शेडमध्ये चक्कर मारतात. हे त्यांच्या कामात बसत नाही आणि पेट्रोलही कुणी देत नाही. शिक्का पिशवीत असतो.

आता निवृत्तीला वर्ष राहिलंय. काकांच्या जागी माणूस घ्यायचा, की सॉफ्टवेअरचं नवं मॉड्यूल, यावर वर खल चाललाय. माझं मत विचाराल तर माणूस घ्या, तोही संशयी बघून घ्या. आणि तुमच्या ड्रॉवरमध्ये एखादी जुनी प्रिंट असेल, तर काका आहेत तोवर मुकाट्याने परत करा. कुणाकडे किती आहेत, ते त्यांनी वहीत लिहून ठेवलंय.